सहा तोळ्यांचा जीव

चांदवडचा हिवाळा अंगाला झोंबणारा असतो. सातमाळ्याच्या डोंगरांवरून उतरलेला वारा रात्री गावात शिरला, की जुन्या वाड्यांची दारे कुरकुरू लागतात आणि माणसे घोंगडीत पाय ओढून घेतात. अशाच एका वाड्याच्या ओसरीवर, तुळईच्या कडीला टांगलेल्या पिंजऱ्यात, एक पाखरू राहत असे. त्याला घोंगडी नव्हती. होती ती अंगावरची पिसे. आणि एके वर्षी ती पुरेनाशी झाली.

हे पाखरू त्या घरात आले ते पाहुणे म्हणून. नाशिकला नोकरी करणाऱ्या मामांची दूरच्या शहरी बदली झाली, तेव्हा ‘चार महिन्यांनी घेऊन जातो’ असे सांगून त्यांनी पिंजरा व सूर्यफुलाच्या बियांची एक थैली आपल्या भाचीच्या हवाली केली. चार महिन्यांची दोन वर्षे झाली. मामा पाखराला विसरले आणि पाखरू मामांना विसरले.

बाजारात या जातीच्या पक्ष्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. त्याचे खरे नाव कॉकाटिएल. शेपटीसकट त्याची लांबी जेमतेम एक फूट. अंग राखी रंगाचे, पंखांवर पांढरा पट्टा, डोके पिवळेधमक आणि डोक्यावर पाचसहा बारीक पिसांचा डौलदार तुरा. दोन्ही गालांवर नारिंगी रंगाचा वाटोळा ठिपका होता. डोंगरातल्या रेणुकामातेच्या देवळातून येताना कोणी शेंदराची दोन बोटे त्याच्या गालांना पुसली असावीत, असे मुलीला वाटले. म्हणून तिने त्याचे नाव ठेवले शेंदऱ्या.

शेंदऱ्याचे सारे मन त्याच्या तुऱ्यात होते. नवखा माणूस आला, की तुरा भाल्यासारखा उभा राही. राग आला, की तो डोक्याला चिकटे आणि चोचीतून सापासारखा फूत्कार निघे. मन स्वस्थ असले, की तुरा किंचित मागे कलून राही. पहाटे दूधवाला आळीत शिरला, की त्याच्या सायकलच्या घंटेची शेंदऱ्या हुबेहूब नक्कल करी. आजी पातेले घेऊन दाराशी जाई आणि रस्ता मोकळा पाहून हसत परत येई.

मुलगी बारा वर्षांची होती. तिचे आजोबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. वडिलांचा व्यवसाय कांद्याच्या अडतीचा. त्या घरात कांद्याचे भाव, शाळेचा अभ्यास आणि शेंदऱ्याची शिट्टी या तीन गोष्टींची चर्चा रोज होई. मुलगी शाळेतून आली, की दप्तर टाकून आधी पिंजऱ्याशी धावे आणि त्याची वाटी सूर्यफुलाच्या बियांनी काठोकाठ भरी. कधी बिस्किटाचा तुकडा, कधी शेवेची काडी. तो मान वाकडी करून बी सोली आणि टरफल खाली टाकी. ते पाहण्यात तिला धन्यता वाटे. त्याला जे आवडते ते भरपूर द्यावे, याहून निराळी माया तिला ठाऊक नव्हती.

पौष लागला आणि एके दिवशी आजी म्हणाली, “हल्ली पहाटे फसवणूक होत नाही.” कोणी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. दोन दिवसांनी मुलीच्या ध्यानात आले, की दाराशी कुत्रे भुंकले तरी शेंदऱ्याचा तुरा उभा राहिला नाही. ती जवळ गेली. तो पिसे फुगवून कापसाच्या गोळ्यासारखा बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले. प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खालीवर हलत होती. मधूनच तो शिंके, आणि एका नाकपुडीभोवतीची पिसे ओली झाली होती.

“आजोबा, हा कालपर्यंत तर चांगला होता!” ती म्हणाली.

“चांगला नसेल, चांगला दिसत असेल,” आजोबा म्हणाले. “रानात थव्यातले पाखरू आजारी दिसले, की ससाणा नेमके तेच उचलतो. म्हणून पाखरे दुखणे लपवतात. ते दिसू लागते, तेव्हा ते लपवण्याचीही शक्ती उरलेली नसते.”

ही वार्ता आळीत पसरली आणि उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. एका शेजारणीने कांद्याचा रस पाजायला सांगितले, दुसरीने लसणाची पाकळी. कोणी ब्रँडीच्या थेंबाचा आग्रह धरला. एक गृहस्थ तर म्हणाले, “एवढ्याशा पाखरासाठी कशाला जीव काढता, गुरुजी? बाजारात दुसरे मिळेल.”

“पाखरू मिळेल,” आजोबा शांतपणे म्हणाले, “शेंदऱ्या मिळणार नाही.” आणि जे औषध आपल्याला कळत नाही ते मुक्या जिवाच्या तोंडात घालायचे नाही, असे सांगून त्यांनी सर्वांना चहा पाजून वाटेला लावले. हे त्यांनी किती योग्य केले, ते पुढे कळले. कांदा आणि लसूण माणसाला मानवतात, पण पक्ष्यांना ते घातक असतात. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या घरात कांद्याच्या राशी पडत, त्या घरात कोणालाही हे माहीत नव्हते.

सायंकाळी आजोबा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तेथील डॉक्टरांनी पिंजऱ्यात बारकाईने पाहिले आणि प्रांजळपणे सांगितले, “गुरुजी, माझा हात गाई-म्हशींवर आणि शेळ्यांवर बसलेला. या पाखराला मी अंदाजाने औषध देणे बरोबर नाही. नाशिकला पक्षी पाहणारे एक डॉक्टर आहेत. उद्याच जा, आणि त्याला ऊब देत जा.” आपल्याला काय येत नाही हे सांगणे, हीही विद्याच होय. त्या संध्याकाळी त्या विद्येने शेंदऱ्याचा एक दिवस वाचवला.

रात्री वडील जेवताना म्हणाले, “अण्णा, कांद्याला भाव नाही. जाणे-येणे, डॉक्टर, औषधे… आणि ते जगेल याची खात्री तरी कुठे आहे?” आजोबांनी उत्तर दिले नाही. मुलगी ताटावरून उठून गेली. सकाळी पिंजऱ्यावर घालायच्या शालीखाली काही नोटा नीट घडी करून ठेवलेल्या आढळल्या. त्या कोणी ठेवल्या हे विचारण्याची गरज नव्हती. वडील त्या दिवशी बाजार समितीत नेहमीपेक्षा लवकर निघून गेले होते.

आजोबा आणि नात एस. टी.ने निघाले. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना शाल, आत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. वडाळीभोई मागे पडले, पिंपळगाव आले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे मळे होते आणि काही बागांवर पाखरांपासून बचावासाठी जाळ्या पसरल्या होत्या. मुलगी त्या जाळ्यांकडे पाहत राहिली. बाहेर पाखरांना हाकलण्यासाठी माणसे जागत होती आणि आपण एका पाखरासाठी दूर निघालो आहोत, हे तिला मोठे विचित्र वाटले.

नाशिकच्या डॉक्टरांचे शिक्षण मुंबईस परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झाले होते. १८८६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातील जुन्या पशुवैद्यक संस्थांपैकी एक आहे. डॉक्टरांनी प्रथम शेंदऱ्याला हात लावलाच नाही. ते पाच मिनिटे नुसते त्याच्या श्वासाकडे पाहत राहिले. मग त्याला एका झाकणाच्या डब्यात ठेवून त्यांनी वजन केले. काट्यावर आकडा उमटला : ७२ ग्रॅम.

“निरोगी कॉकाटिएल ८० ते १०० ग्रॅम भरतो,” ते म्हणाले. “हा बराच उतरला आहे. याला खायला काय देता?”

“सूर्यफुलाच्या बिया,” मुलीने उत्साहाने सांगितले. “त्याला फार आवडतात. दुसरे तो काही खातच नाही.”

“तुला गूळ आवडतो?”

“हो.”

“दोन वर्षे केवळ गुळावर राहशील?”

मुलीचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी एका लहान दिव्याच्या उजेडात शेंदऱ्याची चोच उघडून दाखवली. आत टाळ्याला पांढरट चट्टे होते. सूर्यफुलाच्या बीमध्ये तेल भरपूर. परंतु ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार थोडे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले, की तोंडाचे, नाकाचे व घशाचे आतले नाजूक अस्तर कोरडे आणि जाड होते. अस्तर हा शरीराचा कोट. कोटाला भगदाड पडले, की रोगजंतू आत शिरतात. थंडी हे निमित्त झाले. दुखणे दोन वर्षे वाटीतूनच येत होते.

डॉक्टरांनी थेंबांची दोन औषधे दिली. पाखराला कसे धरावे, तेही त्यांनी शिकवले. आपल्या छातीखाली श्वासपटल असते, ते पक्ष्याला नसते; छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्याच्या अंगात हवा जाते-येते. म्हणून पक्ष्याची छाती मुठीत आवळली, तर तोंड व नाक मोकळे असूनही तो गुदमरतो. मान दोन बोटांमध्ये अलगद धरावी, अंग फडक्यात गुंडाळावे आणि छाती मोकळी सोडावी. औषधाचा थेंब चोचीच्या बाजूने सोडावा. घाई केली तर तो श्वासनलिकेत जातो.

“आणखी एक,” ते म्हणाले. “पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवेतले विष त्यांना आपल्याआधी बाधते. इंग्लंडातले खाणकामगार याच कारणासाठी कॅनरी पक्षी बरोबर नेत. ही रीत १९८६ सालापर्यंत चालू होती. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा चुलीवर फार तापला, तर त्याच्या वाफेने पिंजऱ्यातले पाखरू काही मिनिटांत मरू शकते. पिंजरा झाडताना तोंडाला फडके बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा. पोपटांच्या कुळातील पक्ष्यांचा एक ताप माणसालाही होऊ शकतो.”

“हा बरा होईल ना?” मुलीने विचारले.

डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. “रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा,” ते म्हणाले. “वजन काय ते सांगेल.”

चांदवडला परतल्यावर आजोबांनी पिंजरा ओसरीवरून हलवून आतल्या खोलीत आणला. एका मोठ्या खोक्याला जाळीचे तोंड करून त्याच्या एका बाजूला दिवा लावला आणि दुसरी बाजू थंड ठेवली, म्हणजे पाखराला हवी तेवढी ऊब निवडता यावी. आता प्रश्न काट्याचा. घरात कांद्याचे पोते तोलणारा काटा होता, ग्रॅम दाखवणारा नव्हता. आळीतल्या सराफांनी आपला जुना इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला. “आजवर यावर सोने मोजले,” ते म्हणाले, “आता जीव मोजा.”

पहिल्या दिवशी वजन घेताना आजोबांना एक गंमत सुचली. होळकरांच्या काळी चांदवडला टांकसाळ होती आणि येथला चांदोरी रुपया दूरवर चाले. त्या काळचा चांदीचा रुपया साधारण तोळाभर वजनाचा असे. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. मुलीने पाटीवर भागाकार केला. “सहा तोळे आणि वर थोडे,” ती म्हणाली.

“सहा रुपयांच्या भाराचा जीव,” आजोबा म्हणाले, “आणि सारे घर त्याने कामाला लावले आहे!”

आजोबांनी शाळेतल्या हजेरीपटाप्रमाणे एक वही आखली. तारीख, वजन, खाणे, विष्ठेचा रंग, औषधाची वेळ. आणि शेवटचा रकाना शिट्टीचा. पहिले तीन दिवस वजन ७२, ७१, ७१. शिट्टीच्या रकान्यात तीनही दिवस शून्य होते.

चौथ्या रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. खोलीत काळोख झाला आणि खोक्यात एकदम धडपड सुरू झाली. अंधारात दचकून पंख आपटणे ही या जातीची खोडच आहे. म्हणून त्यांच्याजवळ रात्री मंद उजेड ठेवावा लागतो. मुलगी उठली, विजेरी लावली आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे हात न घालता नुसतीच हळू आवाजात बोलत राहिली. शाळेतल्या गोष्टी, मैत्रिणींच्या गोष्टी, पाढेसुद्धा. आजीने चूल पेटवून पाणी तापवले. रबरी पिशवी दर तासाला बदलली जाऊ लागली. पहाटेपर्यंत वीज आली नाही.

सकाळी काट्याने ६९ ग्रॅम दाखवले. सहा तोळ्यांच्याही खाली.

मुलगी वहीत आकडा लिहीना. “मीच त्याला बिया घातल्या,” ती रडत म्हणाली. “त्याला काही झाले तर ते माझ्यामुळे.”

आजोबांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली नाही. ते म्हणाले, “बाळ, तुला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले, आणि दोन वर्षे त्या वाटीत काय पडते हे पाहिले नाही. तो दोष आपल्या दोघांचा. पण काल आपल्याला कळले. आता कळूनही आकडा लिहिला नाही, तर तो दोष निराळा. लिही.”

तिने ६९ लिहिले. मग डोळे पुसून औषधाची बाटली हलवली.

पाचव्या दिवशी वजन ७० झाले. सातव्या दिवशी पुन्हा ७२. शिंका कमी झाल्या, शेपटीचे हलणे मंदावले. नवव्या दिवशी पहाटे घरात सगळी झोपेत असताना दूधवाल्याची घंटा वाजली. आजी पातेले घेऊन दाराशी गेली. रस्त्यावर कोणी नव्हते. ती तशीच आत आली आणि पातेले हातात धरून भिंतीशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. मुलीने शिट्टीच्या रकान्यात मोठा एकडा काढला.

पण खरे काम पुढेच होते. ज्या पाखराने जन्मभर सूर्यफुलाचे बी हेच अन्न मानले, त्याला गाजर म्हणजे अन्न हे पटवायचे कसे? डॉक्टरांनी बजावले होते, की त्याला उपाशी ठेवून वळण लावू नका; लहान पाखरू थोड्या उपासानेही खचते. म्हणून बियांत हळूहळू बाजरी, नाचणी आणि राळे मिसळले गेले, आणि बिया दर आठवड्याला थोड्या थोड्या कमी झाल्या. हिरव्या पाल्याकडे मात्र शेंदऱ्या पाठ फिरवी. कोथिंबिरीची काडी दिसली, की तो तुरा चापून फूत्कार करी.

तेव्हा आजोबांना थव्याची आठवण झाली. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलुखातले. ते पाण्याच्या शोधात थव्याने हिंडतात, थव्याने दाणे टिपतात. एकाने टिपले की दुसरा टिपतो. शेंदऱ्याचा थवा म्हणजे हेच घर. मग रोज सकाळी एक नवा कार्यक्रम सुरू झाला. आजोबा, आजी आणि नात पिंजऱ्यासमोर पाट मांडून बसत आणि गाजराचा कीस, मेथीची पाने, शेवग्याचा कोवळा पाला मोठ्या चवीने खात असल्याचा आव आणीत. आजोबांना मेथी कधीच आवडली नव्हती. एकदा वडीलही अडतीवर जाता जाता थबकले आणि गाजराचा एक तुकडा उचलून खाऊन गेले.

पंधरा दिवस शेंदऱ्याने हे नाटक तुरा कलवून पाहिले. सोळाव्या दिवशी तो मुलीच्या खांद्यावर बसला असताना तिच्या ओठांशी असलेल्या गाजराच्या किसाला त्याने चोच लावली, थोडा चावला, टाकून दिला. आणि पुन्हा उचलला. कोणी हसले नाही, कोणी टाळी वाजवली नाही. थव्यात असे करायचे नसते, हे आता सर्वांना कळले होते.

माघ सरला, फाल्गुन आला. वजन ८० च्या वर गेले. मुलीच्या मनात एक निराळाच विचार घोळू लागला. चांदवडच्या किल्ल्यावर घारी वाऱ्यावर तरंगताना दिसत आणि तिला वाटे, याला पिंजऱ्यात ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? एका रविवारी आजोबांबरोबर रंगमहाल पाहून परतताना तिने ते बोलून दाखवले. “आजोबा, तो पुरता बरा झाला, की त्याला डोंगरावर सोडून देऊ या.”

आजोबा वाटेतल्या एका ओट्यावर टेकले. “आपल्या झाडांवरचा हिरवा पोपट कोणी पिंजऱ्यात घातला असता, तर मी त्याला दार उघडायलाच सांगितले असते,” ते म्हणाले. “तो येथला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पाळणे हा गुन्हाही आहे. पण शेंदऱ्याचे आकाश येथले नाही. त्याचे पूर्वज समुद्रापलीकडे राहिले आणि हा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या पाखरांचा वंशज. येथे त्याला ना थवा, ना ससाण्याची ओळख. आपल्याला वाटेल, आपण त्याला मुक्त केले. प्रत्यक्षात आपण आपली जबाबदारी डोंगरावर सोडून येऊ.”

मग त्यांनी मागे वळून रंगमहालाकडे बोट केले. या वाड्याशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. १७२५ साली जन्मलेल्या आणि १७९५ साली निवर्तलेल्या या राणीने देशभर घाट, धर्मशाळा आणि देवळे बांधली, हे मुलीला पुस्तकातून ठाऊक होते. आजोबांनी तिला न ठाऊक असलेली गोष्ट सांगितली. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मध्य हिंदुस्थानाविषयीचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने नोंदवले आहे, की अहिल्याबाईंनी काही शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली होती. शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतात यात त्यांची चूक नाही, असे त्या म्हणत. त्यांचे पोट त्या पिकावर आहे.

“पाहा,” आजोबा म्हणाले, “त्यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही आणि पाखरालाही उपाशी ठेवले नाही. दया नुसती मनात उचंबळून चालत नाही. कोणाला काय हवे हे शोधावे लागते आणि त्याचा खर्च आपण सोसावा लागतो.”

मुलीला पिंपळगावच्या द्राक्षबागांवरच्या जाळ्या आठवल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही.

घरी आल्यावर दोन नियम ठरले. रोज सायंकाळी खोलीची दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून, शेंदऱ्याला तासभर मोकळे सोडायचे. आणि गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे व मूठभर ज्वारी ठेवायची. उन्हाळ्यात चांदवडला पाण्याची ओढ माणसांनाही असते, तेथे चिमण्यांची काय कथा! खोलीत पहिल्या दिवशी शेंदऱ्या भिंतीवर आदळला. आठवड्याभरात तो तीन वळणे घेऊन आजोबांच्या टोपीवर उतरू लागला.

चैत्रात काट्याने ८८ ग्रॅम दाखवले. मुलीने पाटी न घेताच हिशेब सांगितला, “साडेसात तोळे.” काटा सराफांकडे परत करायला गेली, तेव्हा ते म्हणाले, “राहू दे तुझ्याकडे. थंडी पुन्हा येणारच आहे.”

त्यांचे म्हणणे खरे होते. शेंदऱ्या पूर्वीसारखा धडधाकट कधीच झाला नाही. त्याची उजवी नाकपुडी किंचित अरुंदच राहिली आणि वारा बदलला, की त्याला दोन-चार शिंका येत. काही दुखणी जातात. काही दुखणी घरात राहतात आणि त्यांना सांभाळून घ्यावे लागते. नीट निगा राखली, तर कॉकाटिएल पंधरा-वीस वर्षेही जगतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलीने तो हिशेबही केला. तेव्हा ती तिशीच्या घरात असेल. आजोबांचा हिशेब मात्र तिने केला नाही.

तो आजोबांनी केला असावा. कारण एके दिवशी त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात सारे नियम लिहून काढले : धरावे कसे, खायला काय, काय घालू नये, ऊब किती, दाखवावे कोणाकडे. शेवटी लिहिले, ‘ही वही घरातील सर्वांसाठी आहे.’

मुलीने ते पान वाचले. ती काही बोलली नाही. आजोबांना रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घ्यावी लागे आणि आठवड्यातून दोनदा तरी ते ती विसरत, हे तिला ठाऊक होते. तिने पट्टी घेतली आणि शिट्टीच्या रकान्याशेजारी आणखी एक उभी रेघ ओढून नवा रकाना आखला. त्यावर लिहिले, ‘आजोबांची गोळी’.

दुसऱ्या दिवशी पहाटे आळीत सायकलची घंटा वाजली. ती दूधवाल्याची की शेंदऱ्याची, हे पाहायला आजी दाराशी गेली. मुलगी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आजोबांच्या अंथरुणाशी उभी होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात वही होती.